आपली प्रॉक्सी कोण मारतो?

प्रॉक्सी हा शब्द आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना नीट ठाऊक असतो. कॉलेजात गेली की महिन्याभरात शिकतात. शाळेतही त्याची रंगीत तालीम चालूच असते. हजेरी घेताना मागच्या बाकावरून एकाच गळ्यातून दोनदा ‘हाजिर जनाब’ आले, की आम्ही मान वर करतो आणि अख्खा वर्ग पुस्तकात डोके घालतो.

हाच शब्द या ऑगस्टमध्ये आमच्या घरी पाहुणा म्हणून आला. घेऊन आले आमचे मामू. तीस वर्षे बोटीवर काढलेला माणूस, आता गावी असतात. कधीकाळी मुंबईत बोट लागली असताना एका सोबत्याच्या सांगण्यावरून त्यांनी एका कंपनीचे शेअर घेतले होते. आज ते साठ आहेत. मामूंनी फोन पुढे केला.

“हे बघ, कंपनी म्हणते मत द्या. मी इथे कुणाला ओळखत नाही. मत कसलं देऊ? पूर्वी जाड लिफाफा यायचा, त्यात एक कागद असायचा, रेव्हेन्यू स्टॅम्प लावायची चौकट असलेला. तो मी कधीच भरला नाही.”

तो कागद म्हणजे प्रॉक्सी फॉर्म. शेअर घेणारा माणूस कंपनीचा, कितीही बारका असला तरी, मालक असतो. वर्षातून एकदा मालकांची सभा भरते. त्यात हिशेब मंजूर होतात, संचालक नेमले जातात, त्यांचे पगार ठरतात. ज्याला सभेला जाता येत नाही, त्याने दुसऱ्याला मुखत्यार करायचे, म्हणजे आपल्या वतीने तो जाईल आणि मत देईल. आपल्या कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. गावच्या जमातीची सभा असते, निम्मे घर मुंबईला आणि उरलेले आखातात. मग फोन येतो, “रस्त्याच्या प्रश्नावर माझं मत चाचांच्या बाजूने धरा.” चाचा सभेत उभे राहतात आणि सात घरांच्या वतीने बोलतात. सातही घरांनी तेच सांगितले होते का, हे फक्त चाचांना ठाऊक.

आता कंपन्यांच्या सभेत आपले चाचा कोण, ते पाहू. ज्यांनी स्वतः शेअर घेतलेले नाहीत, त्यांनीही पान उलटू नये. म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे रुपये टाकणारी बहीण, विमा घेतलेला भाऊ, पेन्शनसाठी पगारातून कपात होणारा शिक्षक, या सगळ्यांचे पैसे थोडेफार शेअरमध्ये जातात. मत मात्र त्यांना नसते. ते असते फंड चालवणाऱ्या कंपनीला. एकेका फंड-कंपनीकडे शेकडो कंपन्यांचे शेअर. बहुतेक सभा जुलै ते सप्टेंबरमध्ये दाटीवाटीने भरतात आणि प्रत्येक नोटिशीत पाच-दहा ठराव असतात. हे सगळे वाचणार कोण?

वाचणारे आहेत. त्यांना प्रॉक्सी सल्लागार संस्था म्हणतात. ठरावाची नोटीस, जुने हिशेब, संचालकांची पार्श्वभूमी वाचून त्या आपल्या ग्राहकांना कळवतात, या ठरावाच्या बाजूने मत द्या, त्या ठरावाच्या विरोधात द्या, आणि कारण हे. मत त्या देत नाहीत, सल्ला देतात. आपल्याकडे आयआयएएस, एसईएस आणि इनगव्हर्न ही तीन नावे बातम्यांत येतात. पहिल्या दोन मुंबईच्या, तिसरी बंगळूरची. परदेशी गुंतवणूकदार बहुतेक करून आयएसएस आणि ग्लास लुईस या दोन अमेरिकी संस्थांचे अहवाल वाचतात.

मामूंना एवढे सांगितले तर ते म्हणाले, “म्हणजे वकिलाला सल्ला देणारा वकील.” बरोबर आहे. पण त्याने होते काय, हे दाखवायला आम्ही त्यांना आपल्या रत्नागिरीजवळच्या झाडगावला नेले. अर्थात गोष्टीतून.

रेमंड हे नाव लग्नाच्या सुटामुळे आपल्या घरोघरी पोचलेले आहे. या कंपनीची गिरणी ठाण्याची होती, पण नोंदणीकृत कार्यालय रत्नागिरीतल्या झाडगावचे. म्हणून तिच्या वार्षिक सभेचा गावही तोच. २०१७ च्या सभेपुढे एक ठराव होता. मुंबईत ब्रीच कँडीला कंपनीच्या मालकीची जे. के. हाऊस नावाची उंच इमारत आहे. जुनी इमारत पाडून ती बांधताना २००७ साली करार झाला होता, की नव्या इमारतीतली दुमजली घरे सिंघानिया कुटुंबातल्या मंडळींना चौरस फुटाला ९,२०० रुपये दराने द्यायची. या मंडळींत कंपनीचे प्रमुख गौतम सिंघानिया, त्यांचे वडील विजयपत, चुलती आणि चुलतभाऊ होते. दहा वर्षांनी तो करार मंजुरीसाठी भागधारकांपुढे आला. तोवर त्या भागातला बाजारभाव चौरस फुटाला लाखाच्या वर गेला होता.

आम्ही गणित शिकवत नाही, पण हे फळ्यावर मांडण्यासारखे आहे. घर ५,००० चौरस फुटांचे धरा. ९,२०० ने ४ कोटी ६० लाख होतात. लाखाने ५० कोटी. एका घरामागे ४५ कोटींहून अधिक फरक. तो कुणाच्या खिशातून जाणार? कंपनीच्या, म्हणजे तिच्या सगळ्या भागधारकांच्या. त्यात सिंघानिया होतेच, पण फंडांतून पैसे गुंतवलेले तुमच्या-आमच्यासारखेही होते. आयआयएएसने अहवाल काढला, कंपनीचे ६५० कोटींहून अधिक नुकसान होईल असा अंदाज मांडला आणि विरोधात मत द्या असे सांगितले. वर्तमानपत्रांनी ते उचलले.

इथे कायद्याची एक चांगली बाजू आहे. ज्याचा स्वतःचा फायदा आहे, त्या मालक मंडळींना अशा ठरावावर मत देता येत नाही. घरच्या पंचायतीत ज्याच्या शेताचा बांध त्यानेच निवाडा करायचा नाही, तसे. ५ जून २०१७ ला निकाल लागला. पडलेल्या मतांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक मते विरोधात. ठराव पडला. कुटुंबातला वाद पुढे कोर्टकचेऱ्यांत चालत राहिला, पण भागधारकांनी आपले घर स्वस्तात जाऊ दिले नाही.

नोटीस कंपनीने रीतसर काढली होती, लपवले काही नव्हते. फक्त ती कुणी वाचली नसती तर? पानापानांच्या बारीक अक्षरात तो ठराव निमूट पडून राहिला असता.

वाचणारा नसला की काय होते, तेही घडून गेले आहे. १६ डिसेंबर २००८ ला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सने जाहीर केले, की आपण मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेत आहोत. मेटास कुणाच्या? सत्यमच्या मालकांच्याच कुटुंबाच्या. इंग्रजीत सत्यम लिहा आणि उलटे वाचा, मेटास होते. पोराटोरांच्या कोड्यासारखे! गुंतवणूकदारांनी गहजब केला तेव्हा तो सौदा काही तासांत मागे घेतला गेला. पुढे ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचे कबूल केले. शेअर मातीमोल झाला. त्यावेळी आपल्या देशात असा सल्ला देणारी मंडळी नव्हती. २०१० च्या सुमारास ती उभी राहिली. त्याच वर्षी सेबीने म्युच्युअल फंडांना सांगितले, की तुम्ही कुठे कसे मत दिले ते जाहीर करा. २०१४ मध्ये सल्लागार संस्थांनाही सेबीकडे नोंदणी सक्तीची झाली, आणि २०२२ च्या एप्रिलपासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत द्यावेच लागते. गैरहजर राहायची सोय संपली. आमच्या वर्गात असा नियम लावता आला तर काय बहार येईल.

हे सगळे ऐकून मामूंनी जो प्रश्न विचारला, तो आम्हाला सुचायला हवा होता.

“हा सल्ला देणारा कुणाचं खातो?”

मुख्य पैसा ग्राहकांकडून, म्हणजे फंड आणि मोठ्या गुंतवणूकदारांकडून येतो. पण मालकी पाहिली तर चित्र गुंतागुंतीचे आहे. आयआयएएसच्या भागधारकांत बँका आणि फंड चालवणाऱ्या कंपन्या आहेत, ज्यांच्यातल्या काहींचे स्वतःचे शेअरही बाजारात आहेत. १९८५ साली सुरू झालेल्या आयएसएसची बहुतांश मालकी आता फ्रँकफर्टचा शेअर बाजार चालवणाऱ्या डॉइश बोर्सकडे आहे. शिवाय आयएसएसचीच एक शाखा कंपन्यांना ‘कारभार कसा सुधारावा’ याचा सल्ला विकते. परीक्षा घेणाऱ्यानेच शिकवणी चालवावी, असा हा प्रकार. दोन्ही खात्यांमध्ये भिंत आहे असे ते सांगतात. शिकवणीवाले मास्तरही तेच सांगतात.

ग्लास लुईसची गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून गमतीची वाटली. २००३ मध्ये निघालेली ही संस्था २००७ पासून २०२१ पर्यंत कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे होती. म्हणजे जगभरच्या कंपनीप्रमुखांच्या पगाराला नाही म्हणा असा सल्ला देणारी संस्था चौदा वर्षे मास्तरांच्या पेन्शनच्या पैशावर होती! आमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, त्यामुळे जुनी पेन्शन आमच्या नशिबी नाही. पगारातून कपात होते, तिचा काही भाग शेअरमध्ये जातो. कपातीचा हिशेब जुळायला आमच्या ओळखीत किती वर्षे लागली, तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसलो तर हे सदर पुरणार नाही. पण एवढे खरे, की स्टाफरूममध्ये आम्ही पेन्शनवर तासनतास बोलतो, मोर्चे काढतो, आणि आपल्या पैशाच्या जिवावर कोण कुठे मत देतो हे आमच्यापैकी एकानेही आजवर विचारलेले नाही. आम्हीही नाही.

दुसरी तक्रार सल्ल्याच्या दर्जाची. शेकडो कंपन्या थोड्या आठवड्यांत तपासायच्या म्हटले की चौकटी आखून खुणा करत जाण्याची सवय लागते. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या तीन वरिष्ठांच्या पगाराचे ठराव पडले. नफा पुरेसा नसताना ठरावीक मर्यादेपलीकडे पगार द्यायचा तर पंचाहत्तर टक्के मते लागत, ती मिळाली नाहीत. त्या तिघांपैकी एक, कार्ल स्लिम, तर त्याच वर्षाच्या जानेवारीत वारले होते. जानेवारी २०१५ मध्ये तेच ठराव पुन्हा आले आणि मंजूर झाले. सहा महिन्यांत ते पगार जास्तीचे कसे थांबले? कंपनीने नीट समजावले म्हणून, की आधीचा नकार घाईचा होता म्हणून? दोन्ही मते ऐकायला मिळतात. आम्हाला वाटते, समजावून सांगायची सक्ती झाली हेही कमी नव्हे.

२०१८ मध्ये एचडीएफसीच्या दीपक पारेख यांच्या फेरनियुक्तीवर २२ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली. आक्षेप असा होता, की ते फार कंपन्यांच्या संचालक मंडळांवर आहेत. पंचाहत्तरची रेषा त्यांनी थोडक्यात ओलांडली. देशातला एवढा मानाचा माणूस काठावर पास झाल्याने उद्योगजगत हादरले, परदेशी संस्थांनी बसल्या जागेवरून आपल्या माणसांना गुण द्यावेत का, अशी ओरड झाली. सेबीने समिती नेमली आणि ऑगस्ट २०२० मध्ये नियम आले. सल्लागाराने आपले निकष जाहीर करायचे, वर्षातून एकदा तपासायचे, अहवाल ग्राहकाला आणि संबंधित कंपनीला एकाच वेळी द्यायचा, कंपनीचे म्हणणे आले तर तेही ग्राहकापर्यंत पोचवायचे आणि स्वतःचे हितसंबंध उघड करायचे. नियम चांगले आहेत.

तरी सल्ला म्हणजे हुकूम नव्हे, हे विसरू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या एलॉन मस्क यांच्या अवाढव्य मोबदल्याला आयएसएस आणि ग्लास लुईस या दोघांनीही नकार सुचवला होता. मस्कसाहेबांनी त्यांना वाटेल ते बोलून घेतले आणि पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक भागधारकांनी मोबदला मंजूर केला. आपल्याकडेही जिथे मालक कुटुंबाकडे निम्म्याहून जास्त शेअर आहेत, तिथे साधा ठराव ते एकट्याच्या बळावर पास करतात. सल्लागाराने कितीही डोके आपटले तरी. त्याचा जोर चालतो तो पंचाहत्तर टक्के लागणाऱ्या खास ठरावावर आणि मालकांना मतबंदी असलेल्या व्यवहारांवर.

खास ठरावाचे उदाहरण आमच्या नववीच्या मुलांनाही आवडले, कारण त्यात बुलेट आहे. बुलेट बनवणाऱ्या आयशर मोटर्सचे सिद्धार्थ लाल यांची फेरनियुक्ती ऑगस्ट २०२१ मध्ये पडली. ७३ टक्के मते बाजूने होती, म्हणजे दोनाने नापास. माणूस नको असे कुणाचे म्हणणे नव्हते, पगार जास्त वाटत होता. कंपनीने मोबदल्याची मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली, पुन्हा मत मागितले आणि मिळाले.

एका वाचक भगिनीने मागे विचारले होते, की बँकेतल्या व्याजाच्या ठेवी नकोत म्हणून आम्ही एथिकल फंडात पैसे टाकले आहेत, आता निर्धास्त राहावे का? त्या फंडांत कंपनीचा धंदा कोणता, कर्ज किती, व्याजाचे उत्पन्न किती, हे चाळून घेतात. पण मालक आपल्या लहान भागीदारांशी कसा वागतो, हे त्या चाळणीत मावत नाही. ते मतदानात दिसते. हे फंडही म्युच्युअल फंडच आहेत, त्यांनाही मत द्यावे लागते आणि जाहीर करावे लागते. प्रत्येक फंड-कंपनीच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला मतदानाचा तपशील येतो. कंपनीचे नाव, ठराव, बाजूने की विरोधात, आणि कारण. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. वाचताना एक बघायचे. सगळीकडे ‘बाजूने’ आणि कारणाच्या रकान्यात तेच एक वाक्य पुन्हापुन्हा चिकटवलेले असेल, तर तुमच्या चाचांनी सभेत डुलकी काढली असे समजावे आणि फंडाला पत्र लिहून विचारावे.

ज्यांच्या नावावर स्वतःचे शेअर आहेत, त्यांना मधला चाचा नकोच. एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावर डीमॅट खात्याच्या माहितीने आत जाता येते. मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. एक शेअर असला तरी चालतो.

मामूंचे आम्ही तसेच केले. ओटीवर बसून, चहा दोनदा झाला. हिशेबाला हो. लाभांशाला तर अगदी जोरात हो. तिसरा ठराव एका संचालकाला पुन्हा घेण्याचा होता. नोटिशीच्या शेवटी परिशिष्टात त्याची माहिती होती, शिक्षण, अनुभव, इतर कंपन्या. आणि एका ओळीत, वर्षभरात झालेल्या पाच सभांपैकी हजेरी दोन.

मामूंनी चष्मा वर केला. “पाचात दोन? हा तर तुझ्या मागच्या बाकावरचा पोरगा.”

आम्ही सांगितले, सल्लागार संस्था साधारण पंचाहत्तर टक्के हजेरी धरतात. बोर्डाच्या परीक्षेला बसायलाही तेवढीच लागते. मामूंनी विरोधाच्या गोलावर बोट दाबले. एकदा दाबल्यावर बदलता येत नाही असे फोनने बजावले, तेव्हा म्हणाले, बदलायचंय कुणाला.

सभा झाल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो. मामूंनी दोन्ही दिवस फोन केला. ठराव पास झाला होता, भरपूर मतांनी. आम्ही जरा चाचरतच सांगितले.

“विरोधात किती पडली?” मामूंनी विचारले.

आम्ही आकडा वाचून दाखवला. सहा आकडी होता.

“त्यात माझी साठ आहेत,” मामू म्हणाले, आणि पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेव म्हणून सांगितले.